पारडे जड असूनही

आठवडी बाजारात तुम्ही तराजू पाहिला असेल. ज्या पारड्यात जास्त वजन असते ते खाली जाते. त्यावरून मराठीत एक वाक्प्रचार तयार झाला आहे – पारडे जड असणे. निवडणूक असो, कुस्ती असो की क्रिकेटचा सामना असो, ज्याचा विजय आधीच निश्चित वाटतो त्याचे पारडे जड आहे असे आपण म्हणतो.

पण कितीतरी वेळा जड पारड्याचा संघ हरतो. नुसता हरत नाही, तर चांगला सपाटून मार खातो. मग लोक चहाच्या टपरीवर, बसस्थानकावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत एकच प्रश्न विचारतात, ‘‘अरे, हे झाले तरी कसे?’’ आणि उत्तरही लगेच तयार असते. कोणी म्हणतो, नशीब वाईट. कोणी म्हणतो, अमक्याने झेल सोडला. कोणी म्हणतो, खेळाडूंना घमेंड चढली होती. ही उत्तरे सोपी असतात, पण बहुतेक वेळा ती खरी नसतात. पराभवाचे खरे कारण कसे शोधावे, हे आज आपण एका सामन्याच्या मदतीने पाहू.

हा सामना आहे रणजी करंडक स्पर्धेच्या अंतिम फेरीचा. तो 22 ते 26 जून 2022 या काळात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मुंबई आणि मध्य प्रदेश या दोन संघांत झाला.

रणजी करंडक ही आपल्या देशातील राज्यांच्या व विभागांच्या संघांची सर्वांत मानाची क्रिकेट स्पर्धा आहे. ती 1934-35 साली सुरू झाली. या स्पर्धेत मुंबईचा दबदबा किती असावा? या सामन्याच्या आधी मुंबईने तब्बल 41 वेळा करंडक जिंकला होता. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षे तर तो मुंबईबाहेर गेलाच नाही. उलट मध्य प्रदेशच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. त्या भूमीत क्रिकेट नवे होते असे नाही. इंदूरच्या होळकर संघाने पूर्वी चार वेळा हा करंडक जिंकला होता. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यासारखे नामवंत खेळाडू त्या संघातून खेळले. पण तो काळ मागे पडला होता. मध्य प्रदेश या नावाने करंडक कधीच आला नव्हता.

त्या वर्षीचा मुंबईचा खेळही तिच्या नावाला साजेसा होता. सरफराज खान धावांचे डोंगर रचत होता. पूर्ण हंगामात त्याने 982 धावा केल्या. डावखुरा फिरकी गोलंदाज शम्स मुलानी याने हंगामात 45 बळी घेतले. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने उत्तराखंडला 725 धावांनी हरवले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये जगात कुठल्याही संघाने एवढ्या धावांनी विजय मिळवला नव्हता. त्याच सामन्यात सुवेद पारकर या तरुणाने पदार्पणातच 252 धावा केल्या. उपांत्य फेरीत उत्तर प्रदेशाविरुद्ध यशस्वी जयस्वालने दोन्ही डावांत शतके ठोकली. सांगा बरे, असा संघ अंतिम सामन्यात उतरल्यावर कोणाचे पारडे जड म्हणायचे?

आता या सामन्याचा एक नियम नीट समजून घ्या. तो समजला नाही तर पुढची सारी गोष्ट अपुरी राहील. रणजीचा अंतिम सामना पाच दिवसांचा असतो. प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. पाच दिवसांत निकाल लागला तर प्रश्नच नाही. पण सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो संघ विजेता ठरतो. म्हणजे पहिल्या डावातील आघाडी ही करंडकाची अर्धी किल्लीच म्हणा ना! एकदा ती हाती आली की त्या संघाला जिंकण्याची सक्ती राहत नाही. हरायचे नाही, एवढेच त्याला पाहावे लागते. दुसऱ्या संघाला मात्र जिंकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मुंबईचा कर्णधार पृथ्वी शॉ याने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सुरुवात चांगली झाली. शॉ 47 धावांवर बाद झाला, जयस्वालने 78 धावा केल्या. पहिल्या दिवसअखेर मुंबईच्या 5 बाद 248 धावा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच मुलानी बाद झाला. पुढे एका बाजूने गडी पडत राहिले आणि दुसऱ्या बाजूने सरफराज एकटा किल्ला लढवत राहिला. त्याने 134 धावा केल्या. मुंबईचा डाव 374 धावांवर संपला. मध्य प्रदेशच्या गौरव यादवने 4 बळी घेतले.

374 ही संख्या ऐकायला मोठी वाटते. पण तिची फोड करून पाहा. शॉ, जयस्वाल आणि सरफराज या तिघांनी मिळून 259 धावा केल्या. उरलेल्या आठ जणांपैकी एकालाही 30 धावांपर्यंत मजल मारता आली नाही. इमारत उंच होती, पण ती तीनच खांबांवर उभी होती. खेळपट्टी तर फलंदाजांना साथ देणारी होती. अशा खेळपट्टीवर आधी फलंदाजी मिळालेल्या संघाने पाचशेच्या पुढे जायला हवे होते. ते झाले नाही. पराभवाचे पहिले बीज इथे पडले. गंमत अशी, की त्या दिवशी ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. धावफलकावर 374 दिसत होते आणि सरफराजच्या शतकाच्या टाळ्या वाजत होत्या.

आता मध्य प्रदेशची पाळी आली. त्यांनी काय केले? काही चमत्कार केला नाही. ते फक्त खेळपट्टीवर उभे राहिले. घाई नाही, उगाच उंच फटका नाही. यश दुबे आणि शुभम शर्मा या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी 222 धावांची भागीदारी केली. दुबेने 336 चेंडू खेळून 133 धावा काढल्या. 336 चेंडू म्हणजे 56 षटके! एवढा वेळ उन्हात उभे राहून प्रत्येक चेंडूवर नजर ठेवायची, हे सोपे काम नाही. शर्माने 116 धावा केल्या. पुढे रजत पाटीदारने 122 धावा केल्या. या तीन शतकांची बेरीज करा. ती होते 371. मुंबईच्या संपूर्ण संघाच्या धावा होत्या 374. आणि मध्य प्रदेश एवढ्यावर थांबला नाही. सारांश जैन या खालच्या क्रमांकाच्या फलंदाजानेही 57 धावा जोडल्या. त्यांचा डाव 536 धावांवर संपला. आघाडी झाली 162 धावांची.

शम्स मुलानीने या डावात साठहून अधिक षटके टाकली आणि 5 बळी घेतले. त्यासाठी त्याला 173 धावा मोजाव्या लागल्या. त्याच्या कष्टात कुठे कसूर होती असे कोणी म्हणू शकेल काय?

इथे सामन्याचा खरा पेच सुरू झाला. तिसऱ्या दिवसअखेर मध्य प्रदेशच्या 3 बाद 368 धावा झाल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी 374 चा आकडा ओलांडला आणि नियमाची ती किल्ली त्यांच्या खिशात गेली. आता मुंबईला पूर्ण विजयच हवा होता. त्यासाठी आधी पिछाडी भरून काढायची, मग पुरेशी आघाडी घ्यायची, मग मध्य प्रदेशचे दहा गडी बाद करायचे. आणि हे सारे करायला उरला होता जेमतेम दीड दिवस.

अशा वेळी सावकाश खेळून भागणार होते का? सावकाश खेळले असते तर सामना अनिर्णित राहिला असता आणि करंडक मध्य प्रदेशला गेला असता. म्हणून मुंबईने धावांचा वेग वाढवला. पहिल्या डावात मुंबईने 374 धावांसाठी 127 षटके आणि 4 चेंडू घेतले होते. म्हणजे षटकामागे तीन धावासुद्धा नाहीत. दुसऱ्या डावात 269 धावा 57 षटके आणि 3 चेंडूंत आल्या. षटकामागे साडेचारांहून अधिक! वेग वाढला की धोका वाढतो. फटके मारावे लागले, फटक्यांत झेल गेले. सुवेद पारकरने 51, सरफराजने 45, शॉने 44 धावा केल्या, पण कोणीही मोठी खेळी करू शकला नाही. डावखुऱ्या फिरकी गोलंदाज कुमार कार्तिकेयने 4 बळी घेतले. मुंबईची आघाडी फक्त 107 धावांची झाली. मध्य प्रदेशने 108 धावा 4 गडी गमावून काढल्या. सामना 6 गडी राखून त्यांनी जिंकला आणि मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी करंडक मिळाला.

आता थोडा विचार करा. पाचव्या दिवशी मुंबईचे गडी भराभर पडताना ज्यांनी पाहिले, ते म्हणाले असतील, ‘‘किती वाईट खेळले! जरा दम धरता आला नाही!’’ पण दम धरून उपयोग नव्हता. पाचव्या दिवसाची घाई हे पराभवाचे कारण नव्हते, तो पराभवाचा परिणाम होता. हार पाचव्या दिवशी दिसली. ठरली ती चौथ्या दिवशी सकाळी. आणि तिचे मूळ होते पहिल्या दोन दिवसांत.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ज्वारीचे कणीस भरले नाही हे काढणीच्या वेळी दिसते. पण कारण शोधायला शहाणा शेतकरी पेरणीपर्यंत मागे जातो. बियाणे कसे होते, पेरणी वेळेवर झाली का, ओल किती होती, हे तो पाहतो. काढणीच्या दिवशी विळ्याला दोष देऊन काय मिळणार?

या सामन्यावरून आणखी एक गोष्ट कळते. मोठा पराभव म्हणजे मोठा फरक, असे नेहमीच नसते. हरणारा संघ अनिर्णित सामन्यावर समाधान मानायला तयार नसतो, जिंकण्यासाठी धोका पत्करतो, म्हणून कधी कधी त्याच्या पराभवाचा आकडा फुगतो. आकडा पाहून ‘हे खेळलेच नाहीत’ असा निकाल देऊ नये.

दुसरे कारण मैदानाबाहेरचे आहे. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. हे पंडित मूळचे मुंबईचेच. मुंबईचे आणि भारताचे यष्टिरक्षक म्हणून ते खेळले होते. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते शिकले. मुंबईचे प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी करंडक जिंकून दिला होता. पुढे त्यांनी विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून दिली. शिस्तीच्या बाबतीत ते फार कडक आहेत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये फलंदाजाने आपली विकेट सहजासहजी फेकायची नाही, हा जुना संस्कार आहे. तोच संस्कार घेऊन मध्य प्रदेशचे खेळाडू मुंबईसमोर उभे राहिले. मुंबईचे शस्त्र मुंबईवरच चालले असे म्हणा.

पंडितांच्या मनात एक जुना सलही होता. 1998-99 च्या हंगामात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. अंतिम सामना याच चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाशी झाला. त्यात मध्य प्रदेशने पहिल्या डावात 75 धावांची आघाडी घेतली होती. ती अर्धी किल्ली हाती होती! पण शेवटच्या डावात संघ 150 धावांत कोसळला आणि 96 धावांनी हरला. हाती आलेला करंडक निसटला. त्यानंतर 23 वर्षांनी त्याच मैदानावर त्यांच्या शिष्यांनी करंडक उचलला, तेव्हा या कडक माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. आघाडी मिळाल्यावरही सैल पडायचे नाही, हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

तिसरे कारण आपल्या मापात आहे, संघात नाही. मुंबईचे पारडे जड आहे असे आपण कशावरून ठरवले? 41 विजेतेपदांवरून आणि 725 धावांच्या विजयावरून. पण 41 विजेतेपदे मिळवणारे बहुतेक खेळाडू कधीच निवृत्त झाले होते. ते बंगळूरला खेळायला येणार नव्हते. आणि उत्तराखंडविरुद्धच्या 725 धावांवरून मध्य प्रदेश किती तगडा आहे हे कसे कळणार? त्याच वेळी मध्य प्रदेशने उपांत्यपूर्व फेरीत पंजाबला 10 गडी राखून आणि उपांत्य फेरीत बंगालला 174 धावांनी हरवले होते. तेही काही लहान विजय नव्हते. आपण एका पारड्यात किती वजन आहे ते पाहिले, दुसऱ्या पारड्याकडे पाहिलेच नाही. तराजूला दोन पारडी असतात, हे आपण विसरलो.

असे मोजमाप फक्त क्रिकेटमध्ये आणि फक्त आपल्याकडेच चुकते असे नाही. फुटबॉलचे उदाहरण घ्या. 1950 साली फुटबॉलचा विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला. शेवटच्या फेरीत ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असे धुऊन काढले. उरलेल्या सामन्यात उरुग्वेशी नुसती बरोबरी केली तरी ब्राझील विजेता ठरणार होता. 16 जुलै रोजी रिओ शहरातील माराकाना मैदानावर सुमारे दोन लाख लोक जमले. ब्राझीलने पहिला गोलही केला. पण उरुग्वेने दोन गोल करून सामना 2-1 असा जिंकला. सारे मैदान सुन्न झाले.

मग काय घडले, ते लक्षपूर्वक वाचा. लोकांनी सारा दोष गोलरक्षक बार्बोसाच्या माथी मारला. दुसरा गोल त्याने अडवायला हवा होता, असे ते म्हणत. संघात अकरा जण होते. गोलरक्षकापर्यंत चेंडू पोहोचण्याआधी त्याला अडवणारे आणखीही होते. पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो शेवटचा माणूस. बार्बोसा 2000 साली वारला. म्हणजे एका दुपारच्या एका गोलाचा ठपका त्याने जवळजवळ पन्नास वर्षे वागवला. पराभवाचे कारण घाईने शोधले की असा अन्याय होतो.

तुम्ही म्हणाल, ब्राझील कुठे आणि आपण कुठे! पण हा अन्याय आपल्या शाळेच्या मैदानावरही होतो. धाराशिव जिल्हा खो-खोसाठी प्रसिद्ध आहे. भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार राहिलेली आणि 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच जिल्ह्याची. तुमच्यापैकी अनेक मुले-मुली खो-खो खेळतात. समजा, तालुक्याच्या अंतिम सामन्यात तुमचा संघ एका गुणाने हरला. शेवटचा बचावपटू वेळ संपायला काही सेकंद उरलेले असताना बाद झाला. परत येताना जीपमध्ये सगळे कोणाशी अबोला धरतील? त्या शेवटच्या मुलाशीच ना! पण पहिली तुकडी दीड मिनिटातच बाद झाली होती, हे कोण आठवणार? आपल्या पाळीत आक्रमण करताना दोनदा फाऊल झाले, हे कोण मोजणार? सरावाला महिनाभर निम्मेच खेळाडू येत होते, हे कोण बोलणार? तो शेवटचा मुलगा दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. पुढच्या वर्षीही येत नाही. सामना एकदाच हरला, पण खेळाडू कायमचा गमावला. हे नुकसान करंडकापेक्षा मोठे आहे.

म्हणून पराभव झाला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न – हार कधी दिसली आणि खरी कधी ठरली? या दोन वेळा बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. दुसरा प्रश्न – समोरच्याने काय चांगले केले? आपण हरलो याचा अर्थ नेहमी आपण वाईट खेळलो असा नसतो. कधी समोरचा जास्त चांगला खेळलेला असतो, आणि ते मोकळ्या मनाने मान्य करण्यातच खिलाडूवृत्ती आहे. तिसरा प्रश्न – पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून काय बदलायचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच तिसऱ्याचे उत्तर देता येते. चौथा प्रश्न, ‘चूक कोणाची?’ हा यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

हे तीन प्रश्न फक्त मैदानासाठी नाहीत. सहामाही परीक्षेत गणितात गुण कमी पडले तर पेपरच्या दिवसाला दोष देऊ नका. हार पेपरच्या दिवशी दिसली. ती ठरली कधी, हे वहीची मागची पाने उलटून पाहा.

आता तुम्हाला उत्सुकता असेल, की बंगळूरच्या त्या पराभवानंतर मुंबईचे काय झाले? मार्च 2024 मध्ये मुंबई पुन्हा अंतिम फेरीत आली. वानखेडे मैदानावर तिने विदर्भाला 169 धावांनी हरवले आणि 42 वा करंडक जिंकला. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात 136 धावांची मोलाची खेळी कोणी केली, माहीत आहे? मुशीर खानने. हा सरफराजचा धाकटा भाऊ. सरफराजलाही त्याच वर्षी फेब्रुवारीत राजकोटला भारताकडून कसोटी खेळण्याची संधी मिळाली आणि त्याने पहिल्याच कसोटीत दोन अर्धशतके केली.

2022 साली मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताच्या संघातून खेळण्याची संधी कधी मिळाली नाही. बंगळूरला त्यांच्या संघाला हार पत्करावी लागली. ‘यांच्याच्याने होणार नाही’ असे म्हणून त्यांना तिथेच सोडून दिले असते तर? 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक हेच अमोल मुजुमदार होते.

शेवटी एका शब्दाविषयी सांगतो. तो तुमच्या घरच्या भाषेतही आहे आणि मराठीतही आहे. तो शब्द म्हणजे ‘शिकस्त’. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. शिकस्त खाणे म्हणजे हरणे. हाच शब्द फारसीतून मराठीत आला, पण इथे त्याचा अर्थ बदलला. मराठीत शिकस्त करणे म्हणजे अगदी शेवटच्या टोकापर्यंत प्रयत्न करणे. ‘त्याने प्रयत्नांची शिकस्त केली’ असे आपण लिहितो. एका भाषेत जो पराभव आहे, तोच दुसऱ्या भाषेत पराकाष्ठेचा प्रयत्न आहे.

तुम्ही दोन्ही भाषा शिकता. तेव्हा उद्या तुमचा संघ हरला, तर शिकस्त या शब्दाचे दोन्ही अर्थ लक्षात ठेवा. आणि शेवटी बाद झालेल्या त्या मित्राच्या घरी जाऊन त्याला सांगा, की उद्या सकाळी सहाला सराव आहे.

शब्दार्थ

दबदबा – धाक, रुबाब
पदार्पण – पहिल्यांदा मैदानात उतरणे
गत्यंतर नसणे – दुसरा मार्ग नसणे
किल्ला लढवणे – एकट्याने शर्थीने झुंज देणे
पिछाडी – मागे असणे
सल – मनाला टोचणारी जुनी आठवण
ठपका – दोष, आरोप
पराकाष्ठा – शेवटची मर्यादा, कमाल

स्वाध्याय

1. रणजीच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला एवढे महत्त्व का असते?
2. ‘हार पाचव्या दिवशी दिसली, ठरली ती चौथ्या दिवशी सकाळी.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
3. बार्बोसावर अन्याय झाला असे लेखक का म्हणतो?
4. वाक्यात उपयोग करा : पारडे जड असणे, माथी मारणे, मजल मारणे, प्रयत्नांची शिकस्त करणे.
5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे, पण अर्थ वेगळा असणारे आणखी दोन शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.
6. तुमच्या शाळेचा संघ हरला असेल असा एखादा सामना आठवा. पाठातील तीन प्रश्नांची उत्तरे त्या सामन्याबद्दल लिहा. कोणाचेही नाव लिहू नका.